घरात आलेला ड्रॅक्युला

मार्व्हलच्या ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ या मालिकेचे 1972 ते 1979 या काळात 70 अंक निघाले. तिची आठवण निघते ती बहुधा ब्लेडमुळे. दहाव्या अंकात अवतरलेला हा रक्तपिपासूंचा शिकारी 1998 च्या सिनेमामुळे घरोघरी पोचला. पण मालिका परत वाचायला घेतली आणि मी रेंगाळलो तो शेवटच्या पंचवीस अंकांत. कंटाळवाणा म्हणून अनेकांनी नाक मुरडलेला भाग आहे हा.

नाक मुरडायला कारणं आहेत. बॉस्टनमधला सैतानपूजक पंथ आणि त्याचा कारस्थानी पुरोहित लुपेस्की यांचं प्रकरण फार ताणलंय. हॅरॉल्ड एच. हॅरॉल्ड हा विनोदी लेखक तर दर वेळी थोडा आधी निघून गेला असता तर बरं, असं वाटतं. शिवाय भीती ओसरलेली असते. जो राक्षस दर अंकाच्या शेवटी निसटणारच आहे, त्याला वाचक किती दिवस घाबरणार?

लेखक मार्व्ह वुल्फमनला ही अडचण कळली असावी. त्याने ड्रॅक्युलाला संसारात टाकलं. पंथ त्याला सैतान समजून डोमिनी नावाच्या तरुणीशी त्याचं लग्न लावतो, आणि ती त्याच्या मुलाला, जेनसला, जन्म देते. लुपेस्की ड्रॅक्युलावर गोळी झाडतो, ती लागते बाळाला. शतकानुशतकं लोकांची लेकरं गिळणाऱ्याच्या वाट्याला पुत्रशोक आला, आणि आपण हळहळतो. मग खजील होतो, कारण मधल्या पानांवर त्याच्या शिकारी चालूच असतात. त्याला माफ करायची सोय वुल्फमन कुठेच ठेवत नाही. पुढे जेनस सोनेरी देहाचा तरुण होऊन परततो तो बापाचा नाश करायलाच.

सगळ्यात क्रूर प्रसंग मला वेगळाच वाटतो. सैतान ड्रॅक्युलाची शक्ती काढून घेतो. तो साधा माणूस होतो. भूक, थकवा, असहायपणा त्याच्या अंगावर येतो. शेवटी तो स्वतःच्या मुलीकडे, लिलिथकडे जातो आणि मला चाव म्हणून विनवतो. बापाचा आयुष्यभर तिरस्कार केलेली ती नकार देते. माणूसपण लाभणं ही शिक्षा ठरावी, इतकं त्याचं सगळं उलटं झालेलं आहे.

हे सगळं पेलतं ते जीन कोलनच्या चित्रांमुळे. सत्तरही अंक त्याच्याच पेन्सिलीचे, आणि बहुतेकांवर शाई टॉम पामरची. कोलनने चेहरा घडवताना नट जॅक पॅलन्स डोळ्यांपुढे ठेवला होता. गालफडं वर आलेला, करारी चेहरा. धुक्यात विरघळणाऱ्या आकृत्यांमधून तोच तेवढा स्पष्ट उरतो, आणि उत्तरार्धात त्याच्यावरची मगरुरी ढासळताना दिसते.

सत्तराव्या अंकात व्हीलचेअरवरचा म्हातारा क्विन्सी हार्कर त्याला संपवतो आणि खुर्चीत दडवलेल्या स्फोटकांनी किल्ल्यासकट स्वतःही मरतो. दोघेही आयुष्यभर एकमेकांच्या वैरावर जगलेले, त्यामुळे हा शेवट पटतो. मार्व्हलला मात्र तो झेपला नाही. त्याच वर्षी कृष्णधवल मासिकातून ड्रॅक्युला परत आला; सहा अंकांत तेही बंद पडलं. मालिका वाचायची तर सत्तरावर थांबावं.