वेलांटी आधी, अक्षर नंतर

मुळशी तालुक्यातल्या माण गावात राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आहे. तिथे काम करणाऱ्या कितीतरी तरुणांनी फ्लॉपी हातातही धरलेली नाही. तरी फाइल सेव्ह करायला ते तिच्याच चित्रावर क्लिक करतात. सणासमारंभाला नेसली जाणारी शिवलेली नऊवारीही तशीच. लुगडं अंगावर टिकवण्याचं निऱ्यांचं आणि काष्ट्याचं काम आता शिलाई करते, पण दोन्ही जागच्या जागी असतात.

काम संपल्यावरही खूण का उरते?

चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज यांनी 1872 साली ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये पोशाखाच्या विकासावर लेख लिहिला. घोड्यावर बसताना कोटाचा घोळ वर अडकवायला कंबरेमागे दोन बटणं असत. घोडा गेला, बटणं राहिली. प्राण्यांच्या शरीरात निरुपयोगी अवयव उरतात, तसेच हे अवशेष, असं त्यांनी मांडलं. 1889 मध्ये हेन्री कॉली मार्च यांनी अशा खुणांना ‘स्क्यूओमॉर्फ’ हे नाव दिलं. बांधणी-विणकामाची जुनी तंत्रं पुढे नक्षी होऊन टिकतात, हा त्यांचा मुद्दा. अवशेषाला आता अर्थ आला: ओळखीचं रूप माणसाला हवंसं वाटतं.

1985 मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी तिसरं कारण पुढे आणलं. इंग्रजी कीबोर्डची अक्षररचना 1870 च्या दशकातली. टायपिस्ट ती शिकले म्हणून कचेऱ्यांनी तीच यंत्रं घेतली आणि कचेऱ्यांत तीच यंत्रं म्हणून नवे टायपिस्ट तीच शिकले. सरस पर्याय येऊनही मग जुनीच रचना टिकली, असं त्यांचं म्हणणं. 1990 मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी याला हरकत घेतली. पर्यायी रचना खरोखर सरस असल्याचा पुरावाच कच्चा आहे, असं त्यांनी दाखवलं. जुनं आहे म्हणून ते वाईटच, हे गृहीत त्यामुळे डळमळलं.

मराठीत हा प्रश्न थेट बोटांशी येतो. टाइपरायटरवर अक्षरं डावीकडून उजवीकडे उमटत, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. संगणकावरच्या युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे: आधी ‘क’, मग वेलांटी. तरीही टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळरचनेवर शिकलेला टायपिस्ट आजही वेलांटी आधी दाबतो आणि सॉफ्टवेअर ती मुकाट्याने मागे नेऊन ठेवतं. गोदरेजने टाइपरायटर बनवणं 2009 मध्ये थांबवलं. यंत्राची सवय मात्र हातांत राहिली.

या सवयीला मागासलेपण म्हणणं अन्यायाचं आहे. टायपिंगच्या सर्टिफिकेटवर अनेक घरं उभी राहिली. ते कौशल्य एका फटक्यात मोडीत काढलं, तर बदलाची किंमत त्या टायपिस्टनेच मोजायची. सॉफ्टवेअरने ती स्वतःकडे घेतली, हे योग्यच झालं.

नव्याने शिकणाऱ्या मुलांवर मात्र हे जुनं ओझं लादण्याचं कारण नाही. त्यांच्यासाठी 1986 पासून इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड-रचना आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. शिवाय मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड आणि गुजरातीचाही. शाळेतल्या संगणकाच्या तासाला मराठी टायपिंगची सुरुवात इथूनच व्हायला हवी.