पहिली बोट कुणाची?

8 ऑगस्ट 2019 रोजी सकाळी ब्रह्मनाळमध्ये जी बोट उलटली, ती ग्रामपंचायतीची होती. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचं, पलूस तालुक्यातलं हे गाव. चारी बाजूंनी पाणी, रस्ते बुडालेले. बाहेरची बोट कधी येईल याची वाट पाहून थकलेल्या गावाने स्वतःची बोट काढली आणि गावातल्याच माणसांनी गावकऱ्यांना बाहेर न्यायला सुरुवात केली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली. सगळ्यांना पुरतील इतकी लाइफ जॅकेट नव्हती. सतरा जण गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येने.

त्या दुर्घटनेबद्दल तेव्हा दोन प्रकारे बोललं गेलं. काहींनी प्रशासनाला धारेवर धरलं, काहींनी गावकऱ्यांच्या घाईला दोष दिला. मला मात्र त्या बोटीबद्दल बोलायचं आहे. गावाकडे बोट होती, म्हणजे पूर येणार हे गावाला माहीत होतं आणि त्याने तयारीही केली होती. पण त्या बोटीत किती माणसं बसवायची हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता? तिचं इंजिन मे महिन्यात कुणी चालवून पाहिलं होतं का? ती चालवणाऱ्याला प्रशिक्षण कुणी द्यायचं होतं? यांतलं काहीही कुठल्याही कार्यालयाचं रोजचं काम नव्हतं. महापुरात पहिली मदत गावच करतं हे आपण भाषणात मान्य करतो. मात्र त्या मदतीला लागणारी जॅकेटं, इंधन, सराव आणि अधिकार देण्याची वेळ आली की ती गावाची हौस ठरते.

पहिल्या तासांत दुसरं कुणी पोहोचूच शकत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, सांगली-कोल्हापूरला सगळ्यांत जवळची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे असते. तिथले जवान निघाले तरी कोल्हापुरात शिरायचं कुठून? 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. 2021 च्या जुलैतही तेच झालं. पाऊस कोसळत असताना हेलिकॉप्टरचा भरवसा धरता येत नाही. नौदलाची पथकं आली, लष्कर आलं, त्यांनी हजारो जीव वाचवले आणि त्याबद्दल या भागातली माणसं आजही कृतज्ञ आहेत. पण ते येईपर्यंतचा दिवस, कुठे दीड दिवस, कुणाच्या हातात होता?

तो होता पोहता येणाऱ्या पोरांच्या हातात. कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या, व्हाइट आर्मीसारख्या स्थानिक पथकांच्या, हरिपूर-सांगलीवाडीकडच्या नावाड्यांच्या. आणि शिरोळ-करवीरच्या गावांत तो होता काहिलीच्या भरवशावर. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती ही मोठी, गोल, उथळ कढई. पुराच्या वेळी ती चुलाणावरून उतरवतात आणि पाण्यात सोडतात. तिला नाळ नाही, वल्हं नाही. प्रवाहात ती स्वतःभोवती फिरायला लागते, म्हणून तीन-चार पट्टीचे पोहणारे तिची कड धरून बाजूने पोहतात. आत एखादी म्हातारी, दोन पोरं, कापडात गुंडाळलेली कागदपत्रं. सगळ्यांनी मधोमध बसायचं, हलायचं नाही, कडेला झुकायचं तर नाहीच. ओढ कुठे आहे, बुडालेलं तारेचं कुंपण कुठे आहे, विहिरीचा काठ कुठे संपतो, हे कड धरणाऱ्यांना ठाऊक असतं, कारण ते त्याच रानात लहानाचे मोठे झालेले असतात. बाहेरून आलेल्या उत्तम प्रशिक्षित जवानालाही हे ठाऊक असण्याची शक्यता नाही. म्हणूनच तर अनेक ठिकाणी एनडीआरएफच्या बोटीत पुढे गावातला एक माणूस बसवावा लागतो. हे ज्ञान अमूल्य आहे. पण एकविसाव्या शतकात माणसं गुळाच्या काहिलीतून बाहेर काढावी लागतात याचं नुसतं कौतुक करत राहणं मला पटत नाही.

स्थानिक ज्ञानाचीही एक मर्यादा 2019 ने दाखवली, आणि ती आपण विसरता कामा नये. नदीकाठच्या माणसाला पूर परका नसतो. नृसिंहवाडीला पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक श्रद्धेने त्या पाण्यात स्नान करतात. पाणी चढणं आणि उतरणं हा तिथल्या पावसाळ्याचा भागच आहे. सांगलीत प्रत्येक जुन्या घराला 2005 ची खूण आठवत होती. ‘पाच साली पायरीपर्यंत आलं होतं, त्यापुढे येत नाही,’ असं म्हणून माणसं घरात थांबली, सामान माळ्यावर टाकून निश्चिंत झाली. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 2005 पेक्षा तीन फुटांहून अधिक. त्या तीन फुटांत माळ्यावरचं सामान गेलं, पहिल्या मजल्यावर नेऊन बांधलेली जनावरं अडकली, आणि जे आदल्या दिवशी कोरड्या पायांनी निघू शकले असते त्यांना बोटीची वाट पाहावी लागली.

म्हणजे गावाच्या आठवणीला आकड्यांची जोड हवी, आणि आकड्यांना गावाच्या भाषेची. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे 39 आणि 43. पावसाळ्यात हे आकडे दोन्ही शहरांतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग’ हे वाक्य रेडिओवर ऐकणाऱ्या बाईला तिच्या उंबऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या माणसांना मात्र किती फुटांना आपली गल्ली जाते हे अनुभवाने कळलेलं असतं, आणि म्हणून ती दर पावसाळ्यात वेळेवर उठतात. असा गल्लीवार हिशोब प्रत्येक पूरगावात लिहून भिंतीवर लावता येतो. सरासरी पुराचा तर हवाच, पण 2019 चा आणि त्याहून दोन-तीन फूट जास्त पाण्याचाही हवा. ते कमी खर्चाचं काम आहे. करायला उपग्रह लागत नाही, गावातले चार जाणते आणि जलसंपदा विभागाचा एक अभियंता पुरतो.

माणसं वेळेवर का निघत नाहीत, याचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर गोठ्यात मिळतं. दारात बोट लागते, पोरं हात पुढे करतात आणि घरातली आजी विचारते, ‘आणि म्हशीचं काय?’ या प्रश्नाला अडाणीपणा समजणाऱ्या माणसाने दूध संघाचं दहा दिवसांचं बिल पाहावं. ज्या घरात एक एकरही धड ऊस नाही, तिथे म्हैस हाच पगार असतो आणि तीच बचत. दावं सोडून निघायचं म्हणजे वर्षाची कमाई पाण्यात सोडायची. 2019 मध्ये कित्येकांनी शेवटच्या क्षणी दावी कापली आणि जनावरं नशिबावर सोपवली. पाणी उतरल्यावर गावात शिरलेल्यांना पहिला वास आला तो मेलेल्या जनावरांचा. माणसांसाठी शाळेत निवारा केंद्र उघडतं तसं उंचावर जनावरांसाठी पाणी, चारा आणि पशुवैद्य असलेलं ठिकाण आधीपासून ठरलेलं असेल, आणि धोका पातळी गाठण्यापूर्वी ट्रॅक्टर दारात येणार असेल, तर माणसं आपणहून निघतात. 2021 मध्ये अनेक गावांनी जनावरं आधी हलवली आणि त्यामुळे माणसंही हलली.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांवर प्राधिकरणं उभी केली. जिल्ह्याला जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. ग्रामपंचायत येते ती ‘स्थानिक प्राधिकारी’ या शब्दांत, कलम 41 मध्ये. तिथे तिने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं, साधनं सज्ज ठेवावीत, मदत आणि पुनर्वसनाचं काम करावं, अशी कर्तव्यं सांगितली आहेत. कर्तव्यं आहेत, पण बोट बाळगणाऱ्या छोट्या पंचायतीला त्यासाठी दरवर्षी हक्काचा पैसा कुठून मिळेल याची खात्री नाही. जिल्ह्याच्या आराखड्यात गावाचं नाव, लोकसंख्या आणि सरपंचाचा फोन असतो. अंथरुणाला खिळलेले किती, डायलिसिसवर कोण, कोणत्या घरातली बाई नवव्या महिन्यात आहे, हे आशा ताईंच्या वहीत असतं. ही वही आणि तो आराखडा एकमेकांना भेटतील तर बोट पहिल्या फेरीत कुठे न्यायची हा वाद दारात उभं राहून घालावा लागणार नाही.

पाणी उतरल्यावर कॅमेरे निघून जातात आणि गावाचा खरा पूर सुरू होतो. गुडघाभर गाळ, फुगून आलेले दरवाजे, विहिरीत टीसीएल पावडर, लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने वाटलेल्या गोळ्या. त्या दिवसांत महाराष्ट्र किती मोठ्या मनाचा आहे हे दिसतं. दुष्काळी तालुक्यांतल्या बायकांनी थापलेल्या भाकरी ट्रक भरून आल्या होत्या, आणि ज्यांनी त्या खाल्ल्या त्यांना आयुष्यभर त्याची आठवण राहील. पण मदत मोठ्या रस्त्यालगतच्या गावांत साचली आणि आतल्या वाड्यांवर पोहोचता पोहोचता संपली. कपड्यांचे ढीग पडले आणि खराटे, फावडी, हातपंप मिळेनात. काय पाहिजे आणि किती पाहिजे हे गावाने सांगावं आणि देणाऱ्यांनी ते विचारून मगच गाडी भरावी, एवढा शिरस्ता पाडायला अजून किती पूर लागणार आहेत?

पंचनाम्याबद्दल मला जास्त सविस्तर बोलायचं आहे, कारण सावरणं तिथेच अडतं. 2019 मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात 10,000 आणि शहरी भागात 15,000 रुपये जाहीर झालं. त्याच सुमारास घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट असलेला शासन निर्णय गाजला आणि लोक संतापले. अट जुन्या निकषांतून आलेली होती. पण 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी दोन दिवस थांबलंच नाही, आणि तेवढ्यात बाजारपेठ संपली होती. 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं 2005 नंतर दुसऱ्यांदा भिजली. किती तास भिजली याने काय फरक पडतो? पुढे ती अट शिथिल करावी लागली.

अट शिथिल होऊनही काही माणसं यादीबाहेरच राहतात. भाड्याने राहणाऱ्याचं भांडंकुंडं गेलं तरी घर त्याच्या नावावर नसतं. खंडाने किंवा वाट्याने जमीन करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पीक त्याचं बुडतं आणि अनुदान मालकाच्या खात्यात जमा होतं. उसाचं नुकसान तर पहिल्या आठवड्यात दिसतही नाही. पाण्यात बुडालेल्या उसाच्या पोंग्यात गाळ बसतो, शेंडा कुजतो, कांड्यांना पांगशा फुटतात आणि महिन्याभराने उभं रान वाळत जातं. भांगलणीला जाणाऱ्या बाईचे दोन-तीन महिन्यांचे रोज बुडतात, त्याचा पंचनामा करणारा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नाही. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक ही माणसं त्या दिवसांत रात्रंदिवस राबतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यादी तयार झाली की ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे. कुणाचं नाव राहिलं आणि कुणाचं नको तिथे आलं, हे सभेतल्या शेवटच्या रांगेतली बाईही सांगू शकते. चारचौघांत वाचलेल्या यादीत खोटं नाव टिकवणं अवघड जातं.

चिपळूणच्या लोकांनी सावरण्याचा एक वेगळा अर्थ दाखवला. दुकानं धुऊन, भिंती रंगवून ते थांबले नाहीत. चिपळूण बचाव समितीने नदीतला गाळ काढण्यासाठी उपोषण धरलं, आणि गाळ उपसण्याचं काम सुरू झालं. त्यात नाम फाउंडेशननेही हात लावला. गाळ काढल्याने सगळे पूर टळतील असं मी म्हणणार नाही. पण पूरग्रस्त म्हणून रांगेत उभं राहिलेल्या माणसांनी नदीबद्दलच्या निर्णयात आपली जागा मागितली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कृष्णाकाठी ही जागा एकाच प्रश्नाने व्यापली आहे. अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध आहे आणि त्यामागची पुराची भीती खरी आहे. तरी 2019 नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर टाकला नव्हता. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांकडे तिने बोट दाखवलं. हा निष्कर्ष अनेकांना मान्य नाही, वाद चालू आहे आणि तो चालू राहावा. मात्र निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, आपल्याच नगरपालिकेच्या हद्दीत आहे. तिच्या आत भराव टाकून उभे राहिलेले प्लॉट आपल्याच माणसांनी विकले आणि आपल्याच माणसांनी घेतले. त्यांत आयुष्यभराची पुंजी घालणारा बहुतेक वेळा रेषेबद्दल काही न सांगता फसवला गेलेला असतो. त्याला नोटीस देण्याआधी पर्यायी जागा द्यावी लागेल, आणि ज्याने भराव टाकला त्याच्यावर कारवाई करावी लागेल.

पावसाळ्याआधी होणाऱ्या ग्रामसभेसमोर या विषयाचं साधं कामकाज येऊ शकतं. बोटीची तपासणी आणि तिच्यावर रंगवलेली माणसांची कमाल संख्या. तेवढी जॅकेटं. चालवणाऱ्या पोरांची नावं, त्यांचा विमा आणि पुराच्या दिवसांचं मानधन. गोठ्यांची यादी आणि कोणता ट्रॅक्टर कोणत्या गल्लीत जाणार. आशा ताईंच्या वहीतली नावं. 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची गावं वेढली, तेव्हा ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फक्त दुष्काळ पाहिला होता त्या गावांत ना बोट होती, ना काहील, ना पोहणारी पुरेशी पोरं. तिथल्या पंचायतींनी उद्या बोट घ्यायची ठरवली, तर ती कोणत्या निधीतून घ्यायची आणि तिच्या इंधनाचा, दुरुस्तीचा, विम्याचा खर्च दरवर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, याचा लेखी आदेश मंत्रालयातून निघायला हवा, आणि तो येत्या मे महिन्याच्या आत ग्रामसेवकाच्या टेबलावर पोहोचायला हवा.