घर लागायच्या आधी

परदेशात नव्याने गेलेल्या माणसाला हळूहळू सगळं मिळत जातं. खोली मिळते, बँकेत खातं उघडतं, ट्रामचा पास हातात येतो. कुणाच्या घरी स्वयंपाकघरात बसून दोन घास खायला मिळणं मात्र अवघड असतं. जर्मनीत राहायला आल्यावर मला हे रविवारी फार जाणवायचं. तिथे रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत, जो तो आपापल्या माणसांत. अशा वेळी मला पाहुणचाराची देवाणघेवाण करणारी मंडळी भेटली. तुम्ही त्यांच्या गावात आलात की ते तुम्हाला आपल्या घरी ठेवून घेतात, कधीतरी तुम्हीही कुणाला ठेवून घ्यायचं. राहण्याचे पैसे कुणी घेत नाही. ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती, तेव्हा 1949 साली बॉब लुइटवायलर या अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांसोबत हे काम सुरू केलं. पुढे त्याचंच ‘सर्व्हास’ झालं. वेगवेगळ्या देशांची माणसं एकमेकांच्या घरी राहिली, एका टेबलावर जेवली, तर मनातली भीती कमी होईल, एवढा साधा विश्वास त्यामागे होता. नंतर 2004 मध्ये ‘काउचसर्फिंग’ आलं, 2007 मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेलं ‘बीवेलकम’ आलं. सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’ आहे. त्या नावातच थकलेल्या माणसाची पहिली गरज आली!

अशाच ओळखीतून एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी दोन रात्री राहिले. चपला दारातच काढायच्या होत्या, तिथेच अर्धा परकेपणा गेला. रात्रीचं जेवण थंड होतं: पाव, चीज, काकडीचं लोणचं. तिकडे पुष्कळ घरांत रात्री असंच जेवतात. पाव कापता कापता त्या मला एकेक सांगत होत्या. प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नकोस, दुकानात परत दिल्या की बाटलीमागे 25 सेंट मिळतात. थंडी कितीही असो, रोज पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघड, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. रविवारी भिंतीत खिळा ठोकू नकोस, शेजाऱ्यांना चालत नाही. यातलं बरंचसं मला कुठे ना कुठे वाचायलाही मिळालं असतं. पण वाचलेला नियम आपल्याला धाक घालतो, आणि जेवताना कुणी मायेने सांगितला की तो आपल्या घरचा होतो. त्यांनी खास काही केलं नव्हतं. रोजच्या जेवणात एक ताट वाढवलं, एवढंच. मला वाटतं, खरा पाहुणचार तोच. चार पदार्थ वाढवण्यापेक्षा आपल्या रोजच्या दिवसात दुसऱ्याला सामावून घेणं अवघडही आहे आणि मोलाचंही.

नव्या माणसाला वाटतं, आपण सध्या घेणारेच. आधी घर नीट लागू दे, दोन खुर्च्या येऊ देत, भाषा थोडी जमू दे, मग कुणाला बोलवू. मलाही तसंच वाटायचं. पण या मंडळींमध्ये एक सोय असते. राहायला जागा देता येत नसेल, तर ‘कॉफीला भेटू शकते’ एवढं कळवलं तरी चालतं. मी तेवढंच कळवलं. मग सायकलवरून देश पालथा घालणारी एक मुलगी तासाभरासाठी आली. मी पोहे केले. तिने विचारलं, इथे चांगला पाव कुठे मिळतो? नदीकाठाने जायचं तर कुठून वळू? मी भराभर सांगत गेले, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की या गावातलं मला बरंच काही ठाऊक आहे. शेजारची बेकरी, ट्रामचा थांबा, पावसात आडोसा देणारा पूल. ज्या गावात मी स्वतःला परकी समजत होते, तिथली वाट मी दुसऱ्या कुणाला दाखवत होते. परक्या घरी जेवायची रीत आपल्याकडेही होती. पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. त्या रीतीला जातीपातीचं कुंपण होतं, पण तिने कितीतरी मुलांची शिक्षणं पुरी केली. ती मुलं आधी शिकली, कमावती झाली, आणि मग त्यांनी दुसऱ्यांना जेवू घातलं. मला वाटतं, इतकी वर्षं थांबायची गरज नाही. आलेल्याच महिन्यात आपण कुणाला तरी चहा देऊ शकतो.

अनोळखी माणसाकडे जाताना सावधपणा हवाच. तिथे आधी राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते नीट वाचावं, कुठे उतरणार ते घरी किंवा मैत्रिणीला कळवून ठेवावं, आणि मनाला पटलं नाही तर सरळ नाही म्हणावं. एवढी काळजी घेतली की मग मन मोकळं ठेवावं. आणि यासाठी परदेशातच असायला हवं असंही नाही. तुमच्या ऑफिसात किंवा इमारतीत हल्लीच कुणीतरी बाहेरगावाहून आलं असेल. त्यांना अजून गिरणी सापडलेली नसेल, दूधवाला ठरलेला नसेल. घर आवरलेलं नाही, म्हणून थांबू नका. आज जेवणाच्या सुट्टीत किंवा जिन्यात भेटलात की एवढंच विचारा: रविवारी आमच्याकडे चहाला याल का?