मुलं कुणाचं बघून शिकतात?

मूल बघून शिकतं. पण बघतं त्याचंच, ज्याला येतं अशी त्याची खात्री असते. ही खात्री खरी असेलच असं नाही, आणि शाळेनं काळजी करावी ती इथंच.

बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी शाळांत हे नीट समजून घेता येतं. कर्नाटकात २०१५च्या कायद्यानं पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात एखाद्याला कन्नड सफाईनं येतं. बाकीचे त्याचे उच्चार उचलतात, ते योग्यच. पण पुढच्या तासाला त्याची चुकलेली वजाबाकीही तितक्याच विश्वासानं उतरवून घेतली जाऊ शकते. बोलण्यातली सफाई सगळ्याच विषयांतली हुशारी ठरते. मग कन्नडमध्ये अडखळणारी, पण गणित अचूक सोडवणारी मुलगी कुणाच्या नजरेतच येत नाही.

शंक आणि हॅन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली वजाबाकीत मागे पडलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना हातच्याची वजाबाकी बरोबरीच्या मुलानं करून दाखवली, काहींना शिक्षकानं. बरोबरीच्याला पाहिलेल्या मुलांचा आत्मविश्वास अधिक वाढला आणि गणितंही अधिक सुटली. शिक्षकाला येणारच, त्यात नवल ते काय? आपल्यासारख्याला आलं, म्हणजे आपल्यालाही येईल, हा धीर सोबतीच देतो.

कर्नाटकाच्या ‘नली-कली’ पद्धतीत या धीराला जागा आहे. १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. तिच्यात लहान इयत्तांची मुलं एकत्र बसतात, आपापल्या गतीनं पुढं सरकतात. काही गट शिक्षकाच्या मदतीनं शिकतात, तर काही सोबत्यांच्या.

कोणत्याही वर्गात करता येईल अशी गोष्ट एवढीच, की ‘हा हुशार’ असं सरसकट म्हणू नये. कशात हुशार, तेही सांगावं. ज्याला कालपर्यंत येत नव्हतं आणि आज आलं, त्याला फळ्याशी बोलवावं आणि कुठं अडलं होतं तेही सांगू द्यावं. सीमाभागात बोलीवरून माणूस जोखण्याची सवय मोठ्यांना जडली आहे. मुलांना ती लागू द्यायची नसेल, तर प्रत्येकाला काय येतं ते वर्गाला दिसलं पाहिजे. मग कन्नडसाठी एकाची आणि गणितासाठी दुसरीची वही मागायला मुलं आपणहून शिकतील.