दारी कोण आले?

रक्षण हा धर्म आहे, याविषयी शास्त्रांत मतभेद नाही. शेतकरी पिकाला राखतो, गृहस्थ घराला, साधक आपल्या मनाला. पण राखायचे कोणापासून? हा प्रश्न आम्हांस सोपा वाटत होता. गेल्या श्रावणात नातवाच्या एका खेळापायी तो आमच्याच दारात येऊन उभा राहिला. त्याची ही हकीकत.

इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिला त्यास वर्णन सांगणे नको. थळघाटातून वर चढलेले ढग गावातच मुक्काम करतात. समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. अशा दिवसांत पोरांनी तरी काय करावे? नातू मोबाईल घेऊन बसला होता. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "आबा, आधी बघा तरी, मग रागवा." पूर्वपक्ष ऐकल्यावाचून खंडन करू नये, असे पाठशाळेत शिकलो होतो. म्हणून बसलो.

खेळ असा. एक घर, त्यापुढे अंगण. अंगणाच्या पलीकडच्या टोकाने चालती प्रेते येतात. पोरे त्यांना झोंबी म्हणतात. प्रेत शब्दाचा मूळ अर्थ 'निघून गेलेला'. येथे गेलेलेच परत येतात! त्यांना अडवायचे ते झाडे लावून. सूर्यफूल लावले की ऊन साठते. ते ऊन खर्चून दाणे मारणारा वाटाणा लावायचा, आडवा उभा राहणारा अक्रोड लावायचा. सूर्यफुलाला ५० ऊन, वाटाण्याला १००. आधी मिळकत वाढवावी की आधी पहारा, एवढाच सारा विचार. प्रेत उंबरठा ओलांडून आत गेले, की घरधन्याचा मेंदू खाते आणि डाव संपतो. 'प्लँट्स व्हर्सेस झोंबीज' हे त्याचे नाव. अमेरिकेतल्या पॉपकॅप कंपनीने २००९ साली तो काढला. बुरूज उभारून शत्रूची वाट रोखायची, अशा खेळांची एक जातच आहे. त्यातलाच हा, बुरुजाच्या जागी झाड, इतकेच.

खरे सांगायचे तर खेळ आम्हांस आवडला. आणि खेळाला आपल्या संप्रदायात मज्जाव कधी होता? नाथमहाराजांनी फुगडीवर, हुतुतूवर भारुडे रचली. मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानोबारायांकडे देते. वारीच्या वाटेवर साठी उलटलेले टाळकरीसुद्धा फुगडी घालतात. तेव्हा खेळ म्हणजे पाप, असे आम्ही म्हणणार नाही.

चार दिवसांनी सायंकाळी नातू अभ्यासाला बसला होता आणि मोबाईल आमच्या हातात होता. लिहिताना लाज वाटते. पण कीर्तनकाराने फक्त दुसऱ्याचेच दोष सांगावेत असा काही नियम नाही. प्रेतांची शेवटची मोठी लाट आली होती. इतक्यात बाहेरून हाक आली, "महाराज, आहात का घरात?" आमच्या दिंडीतले जुने पखवाजी. मान वर न करता आम्ही म्हणालो, "थांबा हो जरा, एवढी लाट जाऊ द्या." लाट गेली. घर वाचले. वर पाहतो तो दारात कोणी नाही. ओट्यावर त्यांच्या छत्रीचे पाणी तेवढे होते.

दुसऱ्या दिवशी कळले. शस्त्रक्रियेसाठी ते रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले होते. परत येऊ की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून जाण्यापूर्वी भेटायला आले होते. ज्या हातांनी तीस वर्षे आमच्या कीर्तनाला ठेका दिला, ते हात आमच्या दारात भिजत उभे राहिले आणि निघून गेले.

वाचकहो, यात दोष कशाचा? वेळ वाया गेला, असे म्हणावे तर चावडीवरच्या गप्पांतही तो जातोच. दोष आम्हांस दुसरीकडे दिसला. त्या खेळाच्या अंगणात जो येतो तो शत्रूच असतो. पाहुणा कधी येतच नाही. तासभर त्या अंगणाकडे पाहिले की नजरेला तेच वळण लागते: वाटेवर कोणी हलले की अडवा. आणि वारकऱ्याला वळण कोणते लावले आहे? समोर येईल त्याच्या पायाला आधी हात लावावा. तो कोण, कुठला, हे मागाहून.

भागवतात जय-विजयांची कथा आहे. सनकादिक सहा द्वारे ओलांडून वैकुंठाच्या सातव्या द्वाराशी आले, तेथे या दोघांनी त्यांना अडविले. द्वारपालांचे चुकले काय? पहारा तर ते चोख करीत होते. चुकले ते ओळखण्यात. संताला शत्रू मानणाऱ्या पहारेकऱ्यांना तीन जन्म स्वतःच असुर व्हावे लागले.

मग पहारा सोडून द्यावा काय? तसेही नव्हे. आपल्याच जिल्ह्यातला रामशेज किल्ला घ्या. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला, आणि आतल्या मूठभर मावळ्यांनी तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजविला. त्या पहाऱ्याला कोण नावे ठेवील? पण अखेर तो तोफांनी पडला नाही, पैशाने घेतला गेला. शत्रू वाटेनेच येतो असे नाही. कधी तो आधीच आत बसलेला असतो. त्या सायंकाळी आमच्या घरात तो होताच. हातातला डाव हरू नये, ही हाव हेच त्याचे रूप.

दीड महिन्याने पखवाजीबुवा बरे होऊन आले. आम्ही क्षमा मागितली. नातू जवळच होता. आजोबांची बाजू सावरावी म्हणून तो म्हणाला, "पण पुंडलिकानेही देवाला थांबवलंच होतं की!" बुवा मनापासून हसले. म्हणाले, "थांबवलं होतं रे बाळा. पण देवाला निदान वीट तरी दिली होती."

त्या एका वाक्यात आमचे सगळे शास्त्र आले. पुंडलिकाचे हात आईबापांच्या सेवेत गुंतले होते, आणि तरीही दाराशी कोणी उभे आहे हे तो विसरला नाही. आमचे हात खोट्या घराच्या राखणीत गुंतले होते, आणि खऱ्या घराच्या दारातल्या माणसाला आम्ही पाटसुद्धा दिला नाही.

पुढे नातवानेच विचारले, "आबा, आपल्या दारातली तुळस कोणाला अडवते?" आम्ही विचार करून सांगितले, "येणाऱ्याला नाही रे. ती आपल्यालाच अडवते. सकाळी पाणी घालताना घटकाभर उभं करते."

असो. मोबाईल आम्ही फोडला नाही, नातवाचा खेळही बंद केला नाही. घरात नियम एकच केला: दारी हाक आली की हातातला डाव तेथेच टाकून उठायचे. ते घर बुडाले तर बुडू द्यावे. डाव पुन्हा मांडता येतो. दारातून परतलेला माणूस पुन्हा येईलच, असे नाही. आमचे पखवाजीबुवा आले, ही पांडुरंगाची कृपा.