विश्रांतीवाचून आरोग्य

वैद्याने रोग्याची इच्छा कोठवर पाळावी, हा प्रश्न जुना आहे. उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्याने तो अलीकडे नव्याने उभा केला आहे. गुडघ्याची वाटी ज्या चिवट कंडरेने नडगीच्या हाडाशी बांधलेली असते, ती वारंवारच्या उड्यांनी झिजते आणि वाटीच्या खालच्या टोकाशी दुखू लागते. ही व्यथा विरळा नव्हे. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंची जी पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के खेळाडू तिने पीडित आढळले. वैद्य म्हणतो, भार कमी कर, कंडरा सुधारावयास महिने लागतात. खेळाडू म्हणतो, हंगाम चालू आहे. खेळ सोडावयास सांगू नका, गुडघा मात्र बरा करा.

ह्या दोघांच्या मध्ये आता एक यंत्र येऊन उभे राहिले आहे. आघात-तरंगांचा हा उपाय मूळचा मुतखड्याचा. शस्त्र न लावता खडा फोडण्याचा पहिला प्रयोग १९८० साली म्युनिक येथे झाला. तसलेच तरंग जुनाट दुखऱ्या कंडरेवर सोडले असता तेथील खुंटलेली दुरुस्ती पुन्हा चालू होईल, अशी कल्पना पुढे निघाली, व काही प्रयोगांत तिचा गुणही दिसला.

नेदरलँड्समधील संशोधकांनी मात्र तिची परीक्षा नेमकी खेळाडूच्या अटीवर घेतली, म्हणून ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. ६२ खेळाडू घेतले. त्यांचे सराव व सामने चालूच ठेवले. निम्म्यांस आठवड्याच्या अंतराने तीन वेळा खरे आघात दिले, निम्म्यांस केवळ आघाताचा आभास. २२ आठवड्यांपर्यंत पाहिले तो दोन्ही गटांची पीडा थोडीथोडी उणावली, पण फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. यंत्र कुचकामी, असे म्हणून कोणी मोकळा होईल. पण नॉर्वेत व्हॉलीबॉलपटूंस ऐन हंगामात उतरत्या फळीवरच्या बैठका देऊन पाहिल्या, तेव्हाही गुण आला नव्हता. मग दोष यंत्राचा, की अटीचा?

आता नीतीचा प्रश्न. त्या परीक्षेत निम्म्यांस खोटा उपचार मिळाला, ही फसवणूक नव्हे काय? आमच्या मते नव्हे. आपल्या वाट्यास आभास येण्याचा संभव आहे, हे जाणून ते खेळाडू तीत उतरले होते. पण हा निष्कर्ष ठाऊक असूनही जो चिकित्सक ऐन हंगामात तेच आघात देतो आणि खेळाडूस त्याविषयी अक्षर सांगत नाही, त्याचे काय? त्याचे यंत्र खरे, आघातही खरे. आभास काय तो आरोग्याचा, आणि तोही रोग्याच्या संमतीवाचून! त्यातून तो संघाच्या पदरचा असला, तर गुडघ्याची चिंता वाहतो की सामन्याची, हे त्याचे त्यालाही कळत नसेल.

ह्यावर खेळाडूचा एक आक्षेप आहे व तो आम्हांस हलका वाटत नाही. तो म्हणेल, आमचे खेळाचे आयुष्य दहा वर्षांचे. चाळिशीत धड गुडघा असून करावयाचे काय? जिना चढताना कुरकुरणाऱ्या गुडघ्याच्या आमच्यासारख्या प्राध्यापकाने त्यास उपदेश करणे शोभणारही नाही. गुडघा त्याचा, हंगाम त्याचा. पीडा सोसून खेळण्याचा अधिकारही त्याचाच. परंतु तो अधिकार त्याने डोळे उघडे ठेवून वापरावा, एवढ्यासाठी यंत्र चालू करण्यापूर्वी वैद्याने दोन वाक्ये बोलावीत: खेळ न थांबवता ह्याचा विशेष उपयोग दिसलेला नाही, थांबलास तर महिने जातील, पण आशा अधिक. इतके ऐकूनही तो 'लावा' म्हणाला, तर आमची तक्रार नाही.