रिकाम्या हंगामाचें ऋण

जी वस्तु आपल्या उपयोगीं पडते तिची निगा राखावी, हें सांगण्यास नीतिशास्त्राची गरज नाहीं. तें व्यवहारच शिकवितो. परंतु ती वस्तु जेव्हां उपयोगांत नसते त्या काळांत तिच्याविषयीं आपलें कांहीं कर्तव्य उरतें काय, आणि उरत असल्यास तें वस्तूंपुरतेंच असतें कीं माणसांपर्यंतही पोंचतें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभीं एक दूरचें उदाहरण घेऊं. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हौसेनें शिडाच्या होड्या बाळगणारे पुष्कळ लोक आहेत. होडी वाऱ्यावर चालत असली तरी वारा पडल्यावर किंवा बंदरांत शिरतांना कामास यावें म्हणून तींत बहुधा एक लहानसें इंजिन असतें. मोठी होडी असल्यास पाणी तापविण्याची टांकीही असते. हिंवाळा तोंडावर आला कीं मालकाची परीक्षा सुरू होते. पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ नें फुगतें. इंजिनाच्या पोटांत अडकून राहिलेलें थोडें पाणीही गोठून बिडाच्या जाड भिंतीला तडा घालूं शकतें. म्हणून तो प्रथम इंजिन थोडें चालवून, तेल ऊन असतांनाच, तें काढून नवें भरतो. कारण जळणापासून उत्पन्न झालेलीं आम्लें जुन्या तेलांत सांठलेलीं असतात व यंत्र स्वस्थ असतां तीं धातूला खात राहतात. मग पाण्याच्या मार्गांतून न गोठणारें ग्लायकॉलचें मिश्रण खेळवितो. तापविण्याची टांकी तो पुरती रिकामी करतो आणि तिला वगळून केवळ नळ्यांतून मिश्रण फिरवितो. ज्या नळ्यांतून पुढें पिण्याचें पाणी यावयाचें, तेथें विषारी एथिलीन ग्लायकॉल न घालतां निरुपद्रवी प्रोपिलीन ग्लायकॉलच घालतो. होडी कित्येक महिने कोणाच्याही कामाची नसते. परंतु वसंतांत जो पहिला पेला भरला जाईल, त्याचा विचार त्यानें शरदांतच करून ठेवलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांस हें उदाहरण परकें वाटणें साहजिक आहे. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाहीं, आणि अजिंठ्याच्या डोंगरावर वसलेल्या बुलढाण्यास थंडी बोंचली तरी ती बीड फोडणारी नव्हे. परंतु प्रत्येक प्रांताचा एक रिकामा हंगाम असतो आणि त्या हंगामाचा एक शत्रु असतो. तेथें तो बर्फ आहे, येथें तो पावसाळ्यांतील ओलावा आहे. खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची जुनी पेठ. त्या कापसासाठींच जलंबहून तेथवर आगगाडीचा फांटा घालण्यांत आला व १८७० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनीं तो खुला केला. सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने वाफेवर चालत त्या काळांत कापूस सरला कीं बॉयलर थंड होई, आणि पुढील कापूस येईपर्यंत त्याला पावसाळा काढावा लागे. लोखंड गंजण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात. म्हणून बंद ठेवावयाच्या बॉयलरसाठीं दोनच रीती निर्धोक मानल्या आहेत: एक तर तो रिता करून, आंतील क्षारांचा थर खरवडून, पूर्ण वाळवून, ओल शोषून घेण्यासाठीं आंत कळीच्या चुन्याचीं ताटें ठेवून त्याचीं तोंडें बंद करावयाचीं, नाहीं तर अल्कली मिसळलेल्या पाण्यानें तो कांठोकांठ भरावयाचा, म्हणजे हवेला जागाच उरत नाहीं. अर्धा भरलेला बॉयलर मात्र सर्वांत लवकर नासतो.

आतां वाफेचा तो काळ मागें पडला. पण निगेचें तत्त्व घरोघर राहिलें आहे. मलकापूर-खामगांवचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस कूलरचें महत्त्व सांगावयास नको. मृगाचा पाऊस स्थिरावला कीं समंजस गृहस्थ कूलरच्या टांकीचा बूच काढतो, तळचा गाळ धुतो, पंप वाळवून ठेवतो, पंख्याला तेल देतो व सर्वांवर जाड कापड बांधतो. ज्यानें हें केलें नाहीं त्याच्या टांकीचा पत्रा फाल्गुनापर्यंत चाळणी झालेला असतो, आणि मध्यंतरीं त्या पाण्यांत डांस पोसले गेले तें वेगळेंच. तिकडे कोंकणांतील कोळी पावसाळ्याआधीं होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनीं शाकारतात आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून पुन्हां पाण्यांत लोटतात. देश बदलले, शत्रु बदलले. रीत एकच आहे.

यांत नीति कोठें आली, असें एखादा चतुर वाचक विचारील. होडी मालकाची, बॉयलर मालकाचा. फुटला तर खर्च त्याचाच. ही निगा म्हणजे दूरदर्शी स्वार्थ होय. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. जेथें स्वार्थ निगा राखण्यास पुरेसा आहे तेथें सद्गुणाची परीक्षा होत नाहीं. जेथें निगा न राखल्यास आपलें कांहीं बिघडत नाहीं, तेथें ती होते.

रोमन मुत्सद्दी केटो यानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला आहे. म्हातारा बैल, मोडकें अवजार, वृद्ध किंवा आजारी गुलाम, हें सर्व मालकानें विकून टाकावें, असा उपदेश त्यांत आहे. हिशेबाच्या दृष्टीनें त्यांत चूक काढतां येणार नाहीं. परंतु सुमारें अडीचशें वर्षांनीं केटोचें चरित्र लिहितांना प्लूटार्कला हें सहन झालें नाहीं. सजीवांना जोड्यांसारखें किंवा भांड्यांसारखें झिजवून फेकूं नये, असें त्याचें म्हणणें. अथेन्सच्या लोकांनीं आपलें मोठें देवालय बांधतांना सर्वांत अधिक राबलेल्या खेंचरांना पुढें मोकळें सोडून यथेच्छ चरूं दिलें, हा दाखला त्यानें दिला आहे. आमच्या वऱ्हाडांत हाच न्याय पोळ्याच्या रूपानें नांदत आला आहे. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशीं बैलाच्या मानेवर जुवानें पडलेला घट्टा लोणी-हळदीनें मळतात व दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें त्याला आवतण देतात. त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं येत नाहीं. घट्टा ज्याच्यामुळें पडला त्यानेंच तो हातानें चोळावा, या आचारांत ऋणाची कबुली आहे.

आतां बैलावरून माणसाकडे येऊं. हंगामी कारखान्यांत हंगाम संपला कीं यंत्राला तेल मिळे. त्याच यंत्रांत कापूस घालणाऱ्या मजुराला मात्र रजा मिळे. यंत्र मालकाचें होतें आणि मजूर कोणाचाच नव्हता, एवढेंच त्याचें कारण. मजूर स्वतंत्र आहे, त्याची मजुरी चुकती केली, हिशेब मिटला, असें अर्थशास्त्र सांगतें. पण पुढील हंगामांत तोच मजूर धडधाकट दारीं यावा अशी अपेक्षा असते. त्याचें तें बळ मधल्या रिकाम्या महिन्यांतल्या भाकरीवर टिकलेलें असतें आणि त्या भाकरीचा खर्च मालकाच्या वहींत कोठेंच नसतो. रस्किननें १८६० सालच्या आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांत हाच मुद्दा काढला होता: मागणी चढो वा उतरो, कामकऱ्यांची नोकरी स्थिर कशी राहील, हा प्रश्न त्यानें मजुरीच्या दराइतकाच महत्त्वाचा मानला. महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अंमलांत आणला. ज्याला शेतांत काम नाहीं त्यानें मागितल्यास सरकारनें तें द्यावें, हें तत्त्व मान्य करून समाजानें हें ऋण निदान तत्त्वतः स्वीकारलें.

परंतु कायद्यावर भार टाकून सुशिक्षित गृहस्थास मोकळें होतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. मे महिन्यांत आपण महिनाभर परगांवीं जातों. निघतांना मोटारीच्या बॅटरीची तार सोडतों, शीतकपाट रिकामें करून त्याचें दार किंचित् उघडें ठेवतों, तुळशीच्या पाण्याची सोय शेजाऱ्याकडे लावतों. आणि अकरा महिने ज्या बाईनें आपलीं भांडीं घांसलीं तिला सांगतों, “या महिन्यांत काम नाहीं, तेव्हां पगारही नाहीं.” तिच्या घरीं मात्र चूल त्याही महिन्यांत पेटवावीच लागते. आपण परत येऊं त्या दिवशीं तिनें दारांत हजर असावें ही अपेक्षा असते. न आली तर आपणच तिला कृतघ्न म्हणतों.

कोणी म्हणेल, माणसाला यंत्राप्रमाणें जपणें हाच त्याचा अपमान नव्हे काय? तें जपणें त्याला आपल्या मालकीचें समजून असेल तर अपमानच होय. पण स्वतंत्र माणसाचें ऋण गुलामापेक्षां कमी नसतें, अधिक असतें. कारण त्यानें आपलें बळ विश्वासानें आपल्या हवालीं केलेलें असतें. त्या महिन्याचा पगार ही भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. वर्षभराच्या कामाच्या किमतींतलाच तो न दिलेला भाग आहे. आमच्या मतें विश्रांति ही कामाबाहेरची गोष्ट नाहीं. ती कामाचाच न दिसणारा अर्धा भाग आहे. ज्यानें भर हंगामाचें फळ घेतलें त्यानें रिकाम्या हंगामाचा भार उचलला पाहिजे. परगांवीं निघतांना घरांतील कोणकोणत्या वस्तूंची सोय लावली याची यादी करणाऱ्यानें त्या यादींत एका माणसाचें नांव राहिलें नाहीं ना, एवढें एकदां पाहून घ्यावें.